माळ ओसाड नव्हता : जुन्या शेतीच्या आणि उद्योगाच्या खुणा कशा वाचाव्यात



परंडा तालुक्यातील पारधी वस्त्यांवर काम करताना एक शब्द सतत कानावर येतो, तो म्हणजे "ओसाड". वस्ती कुठे आहे असे विचारले की गावातले लोक हात करून सांगतात, "ती काय, त्या ओसाड माळावर." सरकारी दप्तरात हीच जमीन कुठे पडीक, कुठे पोटखराब, कुठे गायरान म्हणून लिहिलेली असते. या शब्दामागे एक समज दडलेला आहे. माळावर पूर्वी कधी काही नव्हते, कोणी काही पिकवले नाही, कोणी काही घडवले नाही, असा तो समज. मग त्या माळावर राहणाऱ्यांनाही काही मागचे-पुढचे नाही, असे मानणे सोपे जाते.

आमच्या अभ्यासिकेतली मुले माळावर शेळ्यांमागे हिंडताना खापराचे तुकडे, गारगोटीच्या धारदार कपच्या, जड काळे खडे गोळा करून आणतात आणि विचारतात, "हे काय आहे?" मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही. पण मुलांना उत्तर द्यायचे म्हणून तेरचे संग्रहालय पाहिले, जाणकारांना विचारले, वाचले. त्यातून जे समजले ते या अंकात तुमच्यापुढे ठेवत आहे.

काळी, पांढरी आणि माळ

आपल्या भागाची जमीन ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा रस थरावर थर पसरत गेला आणि त्याचा काळा बेसाल्ट दगड झाला. बालाघाटच्या डोंगररांगेचे सपाट माथे आणि सीना नदीकडे उतरत जाणारे माळ हे याच दगडाचे. माथ्यावर मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो, खाली लगेच मुरूम लागतो. पावसाने वाहून आलेली माती खोलगट भागात साठते, ती आपली काळी. शाळू येतो तो काळीत. माळावर गवत, बोरी-बाभळी आणि पावसाळ्यात एखादे हलके पीक.

आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे राहण्याची जागा. पांढरीची माती खरोखरच फिकट, राखट असते. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली की चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडे, फुटकी मडकी यांचे थर साचत जातात. घर पडते, त्यावर नवे घर उभे राहते. असे करता करता टेकाड तयार होते. आज त्यावर एकही घर नसले तरी जुनी माणसे त्याला पांढरीच म्हणतात. उत्खनन करणारे अभ्यासक गावात आले की आधी पांढरीचे टेकाड कुठे आहे ते विचारतात. पुस्तक न वाचलेल्या लोकांनी हे ज्ञान एका शब्दात जपून ठेवले आहे.

दुर्दैवाने हीच माती फार उपयोगाची असते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांवर पांढरी माती टाकतात, कारण तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. शेतात खत म्हणूनही ती ओढून नेतात. त्यामुळे कितीतरी टेकाडे गाडी-गाडीने संपून गेली.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी

दख्खनच्या पठारावर पहिली शेती कोणी केली, याचे सर्वांत चांगले उत्तर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या इनामगावात मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बारा-चौदा वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. या वस्तीचा काळ सुमारे ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० असा ठरला. पवित्र शास्त्राच्या वाचकांना सोपे जावे म्हणून सांगतो : मोशेच्या आधीपासून थेट यशया संदेष्ट्याच्या काळापर्यंत, एवढी वर्षे त्या गावात चूल पेटत होती.

त्यांचे मुख्य धान्य सातू, म्हणजे जव. सोबत मसूर-वाटाण्यासारखी कडधान्ये. त्यांनी नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध घातला होता आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी चर खोदला होता. कमी पावसाच्या मुलखात पाणी अडवल्याशिवाय भागत नाही, हे त्यांनाही कळले होते. गावप्रमुखाचे मानले गेलेले पाच खोल्यांचे घर आणि त्याच्याशेजारी धान्याचे कोठार सापडले. धान्य ठेवायला जमिनीत खड्डे होते. आपल्याकडे अगदी परवा-परवापर्यंत ज्वारी पेवात ठेवत. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा जाऊ दिल्याशिवाय आत कोणी उतरायचे नाही, हे घरोघरी माहीत असे. इनामगावचे खड्डे आणि आपली पेवे ही एकाच गरजेतून आलेली युक्ती आहे.

दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली अशी, की त्या गावात सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. हाताने घडवणारा माणूस गावाच्या कडेला, ही मांडणी तीन हजार वर्षांची जुनी आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या काळाची. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला असे अभ्यासक मानतात. गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यातली बरीच गावे उठली. इनामगाव टिकले, पण बदलले. मोठी चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली आणि शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवर भर वाढला. म्हणजे शेतकरी माणसे दुष्काळामुळे अर्धी भटकी झाली. भटके जीवन हा कोणाच्या रक्तातला दोष नसतो, पाऊस आणि पोट माणसाला चालायला लावतात. हे पारधी आजच्याच नव्हे, सर्वच भटक्या समाजांबद्दल बोलताना आपण ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

येथे एक खबरदारी घेतो. इनामगावची माणसे आजच्या अमुक जमातीचे पूर्वज होती, असे कोणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही. सांगायचे एवढेच, की ज्या जमिनीला आपण नापीक म्हणतो तिच्यावर जगण्याचे शास्त्र फार जुने आहे. त्यात कसणे, चारणे आणि शिकार हे तिन्ही मिळूनच होते.

जड काळा खडा : लोखंडाची कीट

मुले आणतात त्या काळ्या खड्यांपैकी बहुतेक साधा सच्छिद्र बेसाल्ट असतो. पण कुठे कुठे लोखंडाची कीट सापडू शकते. ओळखायची कशी? कीट हाताला जड लागते, तिच्यावर वितळलेल्या गुळासारखे ओघळ असतात, फोडली तर आत काचेसारखी चमक आणि मधून मधून गंज दिसतो. अशी कीट म्हणजे जवळपास कुठेतरी भट्टी होती याची खूण.

जुनी भट्टी साधी होती. मातीची, कमरेपेक्षाही बुटकी. तिच्यात लोहदगडाचे बारीक तुकडे आणि लोणारी कोळसा थरावर थर घालायचा आणि भात्याने वारा देत राहायचे. उष्णता अकराशे-बाराशे अंशांपर्यंत जाते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, तेवढी उष्णता या भट्टीत होत नाही. त्यामुळे लोखंड पाण्यासारखे वाहत नाही. दगडातला मळ तेवढा वितळून बाहेर येतो, तीच कीट, आणि आत स्पंजासारखा लोखंडाचा गोळा उरतो. तो लालबुंद असतानाच ठोकून ठोकून उरलेला मळ काढायचा. मग त्याची कुऱ्हाड, फाळ, कुदळ होते.

महाराष्ट्रात याचा उत्तम पुरावा नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळाला. तिथल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. गोलाईत बसाव्यात अशा भाजलेल्या विटांची ती होती, सोबत भात्याच्या मातीच्या नळ्या आणि कीट होती. त्याच विदर्भात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे रचून मृतांना पुरणाऱ्या लोकांच्या थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्यांचे साज मिळाले आहेत.

ही विद्या अलीकडेपर्यंत जिवंत होती. महाबळेश्वरच्या पठारावर धावड नावाचे लोक जांभ्या दगडातून लोखंड काढत. इंग्रजांच्या काळात कोळशासाठी लाकूड तोडण्यावर बंदी आली, बाहेरचे स्वस्त लोखंड आले, आणि त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. मध्य भारतातल्या अगरिया या आदिवासी जमातीची कहाणीही अशीच आहे. हाती विद्या होती, पण जंगल गेले, बाजार गेला आणि कारागीर मजूर झाला. आजही गावाबाहेर पाल टाकून, भाता लावून विळे-कुऱ्हाडी शेवटणारा घिसाडी दिसतो. लोखंड गाळणे आता उरले नाही, घडवणे मात्र त्याने सोडलेले नाही.

तेर : आपल्या जिल्ह्यातले जुने नगर

आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, त्यात तगरचे नाव आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेला हे मोठे नगर असून तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदराला जाते, असे तो सांगतो. हे शब्द लिहिले गेले ते प्रेषितांच्या काळात किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांनी.

तेरच्या टेकाडात मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या नाजूक मूर्ती, हस्तिदंताची कामे मिळाली. येथील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच मूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडली आहे. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे तिच्या काळाबद्दल शंका राहत नाही. तेरमधल्या पुष्कळ वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे गोळा करून जपल्या. त्यांच्या नावाने आज तिथे शासकीय संग्रहालय आहे. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी पडलेले उचलून ठेवणारा एक माणूस नसता, तर हे आपल्याला कळलेच नसते.

तेरसारख्या नगरांच्या काळात एक साधी वस्तू घरोघरी आली, ती म्हणजे फिरते जाते. इनामगावच्या बायका पाट्यासारख्या दगडावर धान्य भरडत, गोल फिरणारे जाते त्यांना माहीत नव्हते. जाते आले आणि दळणाचे कष्ट कितीतरी कमी झाले. माळावर फुटक्या जात्याची तळी सापडली तर ती क्षुल्लक मानू नका. जाते घडवायला दगडाची जात ओळखावी लागते. ते ज्ञान आपल्या वडार बांधवांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जात्या-पाट्याला टाकी लावणारे हात हे फार जुन्या उद्योगाचे वारसदार आहेत.

परंड्याचा किल्ला आणि माळावरची घाणी

परंड्याचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर निजामशाहीचा कारभार मलिक अंबरने काही काळ याच परंड्यातून चालवला. प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. आज ती तिथल्या बुरुजावर आहे. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. आपण बादशहांची नावे पाठ करतो. पण तांबे-कथील वितळवणारे ओतारी, कोळसा पाडणारे लोणारी, चिरे घडवणारे पाथरवट आणि वडार, एवढे ओझे माळावरून ओढून नेणारी माणसे व बैल यांची नावे कुठेच नाहीत. त्यांची सही आहे ती दगडावरच्या टाकीच्या खुणांत.

किल्ल्यांच्या आणि जुन्या बारवांच्या आसपास कधी कधी दगडी गोल चर दिसतो, शेजारी दगडी चाक पडलेले असते. ती चुन्याची घाणी. चुनखडीचे खडे भट्टीत सुमारे नऊशे अंशांवर भाजायचे, पाण्याने विझवायचे, मग वाळूसह त्या चरात टाकून बैलाने चाक फिरवून मळायचे. तो चुना अजूनही किल्ल्याचे चिरे धरून आहे.

सगळेच जुने नसते

माळावर दिसणारी प्रत्येक दगडी ताल हजार वर्षांची नसते. उताराला आडव्या, एकसारख्या अंतरावर असलेल्या पुष्कळ बांधांचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला आहे. त्या वर्षी लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि बांध घालायला गेली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. वस्तीवरची वृद्ध मंडळी अजून दाखवतात, हा बांध आम्ही घातला. ही खूणसुद्धा इतिहासच आहे, आणि तिचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत.

काळ ठरवायचा तर वस्तू जिथे होती त्या थरातच ती मिळावी लागते. खालचा थर जुना, वरचा नवा. जळका दाणा किंवा कोळशाचा तुकडा मिळाला तर प्रयोगशाळा त्याचे वय काढते. म्हणूनच उचलून घरी आणलेली वस्तू अर्धी मुकी होते. आम्ही आता मुलांना सांगतो : पाहा, मोबाइलवर फोटो काढा, जागा लिहून ठेवा, वस्तू तिथेच राहू द्या.

हे सर्व आज कशासाठी?

माळ रिकामा होत चालला आहे तो आता. जेसीबी एका दिवसात मुरमाचे टेकाड उचलून नेतो, त्याबरोबर हजार वर्षांचे थर जातात. रात्री गुप्तधनाच्या नादाने खोदणारे आहेत, तेही देवळे आणि थडगी उकरतात. आणि त्याच माळावर राहणाऱ्या कुटुंबांना विचारले जाते, "तुम्ही इथे कधीपासून? कागद दाखवा."

कागद कुठून येणार? १८७१ च्या कायद्याने इंग्रजी मुलखात पारध्यांसह अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण शिक्का गेला नाही. ज्यांच्या आजोबांना एका जागी पाल टिकवू दिले नाही, त्यांच्या नातवाकडे पन्नास वर्षांची पावती मागितली जाते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट दिली. दंडाची पावती, पंचनामा, पीकपाहणीची नोंद, असे जे काही असेल ते जपून ठेवा, हे आम्ही प्रत्येक घरात सांगतो.

स्पष्ट बोलायचे तर, माळावरचे खापर कोणाच्या नावे सातबारा करून देत नाही. त्याचा तसा उपयोग करू पाहणेही बरे नव्हे. पण "ओसाड" हा शब्द ते खोटा ठरवते. जी जागा ओसाड नाही तिच्याबद्दल निर्णय घेताना तिथल्या माणसांना विचारावे लागते, मग तो निर्णय खाणीचा असो, प्रकल्पाचा असो की वस्ती उठवण्याचा. इस्राएलांना शेताचा कोपरा गरिबासाठी आणि परदेशीयासाठी राखायला सांगितले होते, हे आपण जाणतो. गायरान हा आपल्या गावाचा तोच कोपरा आहे.

आपण काय करू शकता

परंड्याकडे याल तेव्हा किल्ल्याबरोबर तेरचे संग्रहालयही पाहा, आणि मंडळीतल्या मुलांना सोबत आणा. आपल्या गावातली पांढरी कुठे आहे ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. जुने काही उघडे पडले तर तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ पासून कायद्याने बंधनकारक आहे, हेही ध्यानात असू द्या. आणि वस्तीवरच्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम आम्ही सुरू करत आहोत, त्यासाठी लिहिता येणारे, ऐकून घेणारे स्वयंसेवक हवे आहेत. एका वृद्धाला दोन दुपारी पुरतात. कोणत्या माळावर कोणत्या वर्षी पाल होते, कोणता बांध कोणी घातला, कोणत्या विहिरीवर पाणी भरू दिले आणि कोणत्या नाही, हे सारे त्यांना पाठ आहे. ती माणसे एकेक करून जात आहेत, म्हणून हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे.